सजीव खडक : समुद्राचें विरजण

दिवाणखान्यांत मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आतां नवी राहिलेली नाहीं. १९५१ सालीं मुंबईस चर्नी रोडनजीक तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि पुढें कित्येक वर्षें मुलांनीं वडिलांचें बोट धरून समुद्रांतील रंगीत मासे प्रथम तेथेंच पाहिले. गोड्या पाण्यांत सोनमासे पाळणारीं घरें तर शहरोशहरीं आढळतात. परंतु अलीकडे कांहीं सुशिक्षित कुटुंबांत याहून पुष्कळच अवघड अशी एक हौस शिरूं लागली आहे. कांचेच्या टांकींत खारें पाणी भरून तींत समुद्रतळाचा एक लहानसा तुकडाच नांदता ठेवावयाचा, अशी ही हौस आहे.

या हौशीचा पाया म्हणजे ‘सजीव खडक’. इंग्रजींत त्यास ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, आणि दुकानदारही त्याच नांवानें तो विकतात. हा खडक घरीं आणल्यावर कसा साफ करावा, तो टांकींत घालण्यायोग्य कसा करावा, आणि मुळांत तो आणावा तरी कोठून, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. या प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक नसल्यामुळें मुके जीव प्राणांस मुकतात इतकेंच नव्हे, तर क्वचित् प्रसंगीं घरांतील माणसांच्या जिवावरही बेततें. म्हणून हा विषय केवळ हौशी मंडळींपुरता आहे असें समजून कोणीं पान उलटूं नये, अशी आमची विनंति आहे.

दगडास सजीव कां म्हणावें?

खडक स्वतः जिवंत नसतो, हें उघडच आहे. समुद्रांतील प्रवाळ मेल्यावर त्यांचे जे चुन्याचे सांगाडे मागें उरतात, ते लाटांनीं मोडून तळाशीं पडतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हा पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; शिंपल्यांत आणि चुनखडींत असणारेंच हें द्रव्य होय. हे तुकडे आंतून सच्छिद्र असतात. वर्षानुवर्षें समुद्रांत पडून राहिल्यानें त्यांच्यावर जांभळ्या-गुलाबी रंगाच्या चुनेदार शेवाळाचें कवच चढतें. भेगांतून स्पंज, लहान कृमि, डोळ्यांस जेमतेम दिसणारे कोळंबीच्या कुळांतील जीव आणि लवचीक भुजांचे तारामासे वस्तीस येतात. आणि छिद्राछिद्रांतून सूक्ष्म जीवाणूंची अगणित प्रजा नांदूं लागते. या वस्तीमुळें दगडास सजीव हें विशेषण प्राप्त झालें आहे.

या वस्तींत मोठ्यांत मोठें काम करणारे जीव सर्वांत लहान आहेत. माशांच्या कल्ल्यांवाटे, तसेंच विष्ठा आणि उरलेलें अन्न कुजल्यानें, पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. अथांग समुद्रांत तो विरून जातो. शंभर-दोनशें लिटरांच्या टांकींत त्यास जाण्यास वाट नसते. त्यांतून समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यामुळें अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षां तेथें अधिक राहतो. विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, मातींतील एका जातीचे जीवाणु अमोनियाचें नायट्राइट बनवितात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट बनवितात. हाच क्रम खडकाच्या पृष्ठभागावर अहोरात्र चालूं असतो. खडकाच्या पोटांत, जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथें, निराळे जीवाणु नायट्रेटचेंही विघटन करून त्यांतील नायट्रोजन वायुरूपानें मोकळा करतात. अमोनिया हें माशांस जहर आहे. नायट्रेट त्या मानानें पुष्कळच सौम्य आहे. अर्थात् खडक टांकींत शोभेसाठीं ठेवलेला दिसला, तरी तो त्या संसाराचा खरा सफाई-कामगार आहे.

आमच्या गृहिणींस हें समजण्यास फारसे कष्ट पडूं नयेत. भांडेंभर दुधाचें दहीं व्हावयास चमचाभर विरजण पुरतें; परंतु तें विरजण जिवंत असावें लागतें, दूध कोमट असावें लागतें, आणि रात्रभर धीर धरावा लागतो. खडक हें टांकीचें विरजण होय. तें नासलेलें असलें तर सगळी टांकी नासेल, हेंही ओघानेंच आलें.

ही युक्ति कशी सांपडली?

प्रवाळ घरांत जगविण्याचा एक फार जुना प्रयत्न एका स्त्रीनें केलेला आहे. अ‍ॅना थिन या लंडनमधील धर्मोपदेशकाच्या पत्नीनें १८४६ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचें पाणी पुन्हां पुन्हां मिळणें कठीण, म्हणून तिची मोलकरीण तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत राही आणि त्यांत हवा मिसळे. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यालय उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप गॉस यांच्या पुस्तकानें इंग्रजींत ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला.

तथापि खडकाचें महत्त्व हौशी जगास कळावयास आणखी शंभर वर्षें लागलीं. जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्राचें ताजें पाणी, समुद्रांतील खडक आणि हवेचे मोजके बुडबुडे एवढ्यावर त्यांचे मासे व प्रवाळ जगत होते. पुढें जर्मनींतील बर्लिनच्या हौशी मंडळींनीं या खडकास फेस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. हें यंत्र पाण्यांत बारीक बुडबुडे सोडून विरघळलेली सेंद्रिय घाण फेसाबरोबर वर आणतें व बाहेर टाकतें. आजही घरगुती प्रवाळ-टांक्या बहुतेक याच पद्धतीवर चालतात.

सफाईची गरज कां पडते?

समुद्रांतून काढल्यापासून घरीं पोंचेपर्यंत खडक ओल्या कागदांत गुंडाळून खोक्यांतून प्रवास करतो. जीवाणु व चुनेदार शेवाळ यांपैकीं पुष्कळ भाग या हालअपेष्टा सोसतो. परंतु स्पंजासारखे नाजूक जीव हवा लागतांच मरूं लागतात. खोकें उघडतांना सडक्या अंड्यासारखा वास आला, तर आंत कुजणें सुरू झालें आहे असें समजावें. असा खडक तसाच टांकींत ठेवला, तर दोन-चार दिवसांत अमोनिया इतका वाढतो कीं, आधींचे मासे पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात व मरतात. म्हणून नवा खडक प्रथम निराळ्या भांड्यांत कांहीं आठवडे ठेवून त्याची शुद्धि करावी लागते.

या कामास लागणारें साहित्य फार नाहीं. झांकण असलेला मोठा प्लॅस्टिकचा हौद घ्यावा. तो नवा असावा, साबण लागलेला नसावा. वाडवडिलांचें तांब्याचें घंगाळ किंवा पितळी पातेलें या कामास कितीही सोयीचें वाटलें, तरी तें मुळींच वापरूं नये; कारण तांब्याचा अल्पसा अंशदेखील प्रवाळ, कोळंबी व गोगलगाई यांस घातक असतो. पाणी आर. ओ. यंत्रांतून गाळलेलें घ्यावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन जीवाणूंस मारतें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. समुद्रांतील सर्व क्षार ज्यांत असतात असें मत्स्यालयासाठीं बनविलेलें मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणांत घालून, एक दिवसभर पंपानें घुसळून मगच तें पाणी उपयोगांत आणावें. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें. चौपाटीवरून बादली भरून आणण्याचा मोह शहरवासीयांनीं टाळावा; तेथें सांडपाणी मिसळलेलें असतें.

कृति

प्रथम हातांत लांब रबरी मोजे आणि डोळ्यांस बंद चष्मा घालावा. खडक खाऱ्या पाण्याच्या बादलींत बुडवून जोरानें हलवावा, म्हणजे माती, वाळू व मोकळी घाण निघून जाते. मग एकेक तुकडा हातीं घेऊन निरखावा. जें मऊ, बुळबुळीत, पांढुरकें किंवा काळें पडलेलें असेल, तें चिमट्यानें ओढून जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें घासून काढावें. टणक जांभळें कवच मात्र खरवडूं नये. तें निरोगी खडकाचें लक्षण आहे. गोड्या पाण्याखालीं खडक धुण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. खाऱ्या पाण्यांत वाढलेल्या जीवांच्या पेशींत गोडें पाणी एकाएकीं शिरलें, तर त्या फुगून फुटतात, आणि ज्या वस्तीसाठीं आपण पैसे मोजले तीच नष्ट होते.

या तपासणींत कांहीं आगंतुक पाहुणेही सांपडतात. रात्रीं टकटक असा आवाज काढणारी मँटिस कोळंबी लहान माशांस मारते. आयप्टेशिया नांवाचें तपकिरी समुद्रफूल प्रवाळांस डंख करतें, आणि तें चिरडलें तर त्याच्या तुकड्यांतून नवीं समुद्रफुलें उगवतात. केसाळ कृमींचे कांटे बोटांत रुततात. परंतु हे कृमि बहुधा घाण खाऊन उपकारच करतात, म्हणून दिसेल तो प्रत्येक किडा मारण्याचें कारण नाहीं.

साफ केलेले तुकडे हौदांत सैल रचावे, म्हणजे पाणी सर्व बाजूंनीं फिरेल. पंप सतत चालूं ठेवावा व उष्णमान २५ ते २६ अंश सेल्सियस राखावें. आमच्या प्रांतांत चैत्र-वैशाखांत पाणी तापूं न देणें हेंच अधिक अवघड असतें. तेव्हां पाण्यावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनानें तें निवतें. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र गोड्या पाण्यानें घालावी, कारण क्षार उडून जात नाहींत. हौदांत उजेड बेताचा असावा. कुजण्याच्या काळांत प्रखर प्रकाश मिळाल्यास केसासारखें हिरवें शेवाळ माजतें. हौदांत हात घालण्यापूर्वीं विजेचीं सर्व बटणें बंद करण्यास चुकूं नये.

दर आठवड्यास, आणि दुर्गंधि असेल तर त्याहूनही लवकर, प्रत्येक तुकडा पाण्यांतच हलवून, पुन्हां ब्रश फिरवून, तळाशीं सांचलेला गाळ नळीनें ओढून काढावा व निम्मे किंवा त्याहून अधिक पाणी बदलावें. असें न केल्यास अमोनिया चढत जाऊन उरलेले चांगले जीवही मरतात आणि कुजण्यास नवें खाद्य मिळतें. बाजारांत मिळणाऱ्या परीक्षण-द्रवांनीं अमोनिया व नायट्राइट यांचें मोजमाप करून तें वहींत टिपून ठेवावें. प्रथम अमोनिया वाढून उतरतो, मागोमाग नायट्राइट वाढून उतरतें. दोन्हीं शून्यावर येऊन पाणी न बदलतांही कांहीं दिवस तेथेंच स्थिर राहिलीं, आणि हौदास सडका वास न येतां समुद्रकिनाऱ्यावरच्या ताज्या वाऱ्यासारखा वास येऊं लागला, म्हणजे खडक तयार झाला. यास बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही मासे एकदम सारे न सोडतां एकेक करून सोडावे. कारण जीवाणूंची संख्या अन्नाच्या प्रमाणांतच वाढते.

हें काम घरांतील मोठ्या मुलामुलींकडून करून घेण्याजोगें आहे. मात्र खडकाची हाताळणी वडील माणसानेंच करावी. वहींतील आंकड्यांचा आलेख काढतां काढतां रसायन व जीवशास्त्र यांचा जो परिचय होतो, तो शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून सहसा होत नाहीं.

दोन धोके

आतां जें सांगावयाचें तें अधिक गंभीर आहे. कांहीं लोक खडकावरील किडे एकदम मारण्यासाठीं तो मोठ्या पातेल्यांत उकळतात किंवा त्यावर उकळतें पाणी ओततात. हें कृत्य कोणीं कधींही करूं नये. खडकावर कित्येकदां बटणांसारखे दिसणारे झोअँथिड जातीचे जीव चिकटलेले असतात. त्यांपैकीं कांहींत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. हवाई बेटांतील शास्त्रज्ञांनीं तें १९७१ सालीं वेगळें काढलें. उकळण्यानें तें नष्ट होत नाहीं, उलट त्याचे सूक्ष्म कण वाफेबरोबर घरभर पसरतात. ताप, खोकला, धाप, अंगदुखी, तोंडास कडवट चव, हातापायांस बधिरपणा, डोळ्यांची आग हीं त्याचीं लक्षणें होत. २०१८ सालीं इंग्लंडांतील ऑक्सफर्डशायर परगण्यांत एका घरीं टांकींतील प्रवाळ काढतांना हें विष पसरलें, आणि त्या कुटुंबासह मदतीस धांवलेल्या कांहीं माणसांसही इस्पितळांत न्यावें लागलें. असे जीव खडकावर दिसल्यास ते घासूं नयेत, हातास जखम असतां खडकास शिवूं नये, आणि लहान मुलांस व घरांतील मांजर-कुत्र्यांस या कामापासून दूर ठेवावें. वरील लक्षणें दिसल्यास तत्काळ मोकळ्या हवेंत जाऊन डॉक्टरांस गांठावें व आपण काय हाताळीत होतों तें त्यांस स्पष्ट सांगावें.

दुसरा धोका जुन्या, मेलेल्या खडकाच्या सफाईंत आहे. वाळून गेलेला खडक पुन्हां वापरावयाचा असल्यास तो विरंजक द्रावणांत, म्हणजे एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी या प्रमाणांत, कांहीं दिवस बुडवून ठेवतात. मग पुष्कळदां धुवून, क्लोरीन-नाशक औषध घालून, उन्हांत पूर्ण वाळवितात. वरची जुनी पुटें काढण्यासाठीं कांहीं लोक सौम्य केलेलें हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडही योजतात. हे दोन्ही पदार्थ एकत्र आले कीं क्लोरीन वायु उत्पन्न होतो. पहिल्या महायुद्धांत सैनिकांस मारण्यासाठीं सोडलेला वायु तो हाच. न्हाणीघरांत फरशी साफ करण्याचें अ‍ॅसिड व कपड्यांचें ब्लीच बहुतेक घरीं शेजारीं शेजारींच ठेवलेलें असतें, हें ध्यानांत घेतां या सूचनेची आवश्यकता वेगळी सांगावयास नको. अ‍ॅसिडाचा उपयोग अननुभवी माणसानें करूंच नये, हें उत्तम.

खडक आणावा कोठून?

शेवटीं मूळ प्रश्न. कोंकण किनाऱ्याशीं नातें असलेल्या कोणासही वाटेल, मालवणास गेल्यावेळीं चार प्रवाळखडक पिशवींत घालून आणले तर काय बिघडलें? पुष्कळ बिघडतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळें पोवळें व समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघास जें संरक्षण तेंच त्यांस. मालवणचा सागरी भाग तर १९८७ सालींच अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. समुद्रतळावर पडलेला सांगाडा आपणांस मेलेला दगड वाटतो. परंतु प्रवाळाचीं नवीं पिलें अशाच टणक आधारावर घर करतात, आणि लाटांचा मारा सोसून तोच किनाऱ्याचें रक्षण करतो. तामिळनाडूंतील मन्नारच्या आखातांत चुन्यासाठीं कित्येक वर्षें प्रवाळ खणून नेले गेले. तेथील २१ बेटांपैकीं दोन आज पाण्याखालीं गेलीं आहेत, आणि त्यास वाढत्या समुद्रपातळीबरोबर हें खणणेंही कारण झालें, असें अभ्यासकांचें मत आहे.

इतर देशांसही हा अनुभव आला. अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यानें आपल्या हद्दींतील समुद्रांतून असा खडक काढण्यास १९८९ सालीं बंदी घातली. राज्याच्या हद्दीपलीकडील मध्य-सरकारच्या पाण्यांतही १९९७ पासून ती लागू झाली. त्यानंतर तेथील लोकांनीं एक शहाणपणाचा मार्ग काढला. जमिनीवरील खाणींतला चुनखडीचा दगड ते भाड्यानें घेतलेल्या समुद्रतळावर नेऊन टाकतात, एक-दोन वर्षें किंवा अधिक काळ तो तेथें मुरूं देतात, आणि मग काढून विकतात. शेतांत पीक घ्यावें, तसें हें खडकाचें पीक होय. यांत निसर्गाचें भांडवल खर्चीं पडत नाहीं.

आपल्याकडील कुटुंबांस यांतून सोपी वाट घेतां येते. चुनखडीचा किंवा कृत्रिम रीतीनें बनविलेला कोरडा खडक विकत घ्यावा. ज्याची टांकी कित्येक महिने निरोगी चालली आहे अशा विश्वासू स्नेह्याकडून, त्याच्याजवळचा खडक कायदेशीर मार्गानें आलेला असल्याची खात्री करून, एक लहान तुकडा विरजण म्हणून मागून घ्यावा. अथवा बाटलींत मिळणारे जीवाणु वापरावे. कोरड्या खडकावर वस्ती जमण्यास चार ते आठ आठवडे, आणि जांभळें कवच चढण्यास कित्येक महिने लागतात. परंतु या खडकाबरोबर मँटिस कोळंबी येत नाहीं, आयप्टेशिया येत नाहीं, विषारी बटणें येत नाहींत, आणि समुद्राची कोणतीही वस्तु आपण हिरावून आणिली असा बोल मनास लागत नाहीं.

ज्यांस एवढा धीर नसेल त्यांनीं ही हौस करूं नये, असें आम्ही स्पष्टच सांगतों. सोनमाशांचें भांडेंही घरास कमी शोभा आणीत नाहीं. आणि ज्यांस धीर असेल त्यांनीं दुकानांत पाऊल टाकतांच पहिला प्रश्न रंगाचा किंवा किंमतीचा न विचारतां, हा खडक कोठून आला, तो कायदेशीर असल्याचा कागद आहे काय, असा विचारावा. उत्तर देतांना दुकानदार घुटमळला, तर तो खडक तेथेंच ठेवून रिकाम्या हातानें घरीं परतावें.